पहिला गाल कुणाचा?

लष्करी इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात दर शनिवारी संध्याकाळी सिनेमा दाखवत. सिनेमा एकच होता. लढाई सुरू झाल्यापासून नवी रिळं आलीच नव्हती, त्यामुळे पेटीत जो सापडला तोच पुन्हा पुन्हा लागायचा. गंमत म्हणजे तोही लष्करी इस्पितळावरचाच होता. जुना, काळापांढरा, एके काळी फार गाजलेला. त्यात एक देखणा कॅप्टन जखमी होऊन येतो, एक देखणी सिस्टर त्याच्या कपाळावर हात ठेवते, बाहेर तोफा वाजत राहतात आणि शेवटी कॅप्टन शांतपणे डोळे मिटतो.

बाहेरच्या जगात लोक हा सिनेमा बघायला रुमाल घेऊन जात. वॉर्डातले मात्र पोट धरून हसत.

"पट्टी बघा पट्टी! इस्त्री करून बांधलीय," आचारी म्हणाला. हा पलटणीच्या स्वयंपाकघरातला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि उशांच्या डोंगरावर रेलून सिनेमा बघायचा.

"सिस्टर, तुम्ही आमच्या कपाळावर कधी हात ठेवणार?" तारवाल्याने विचारलं. हा तारायंत्रावरचा. त्याचा एक खांदा मोडला होता, पण तोंडाला काही झालं नव्हतं.

"तू आधी बेडपॅन वेळेवर मागायला शीक," सिस्टर म्हणाल्या. "मग कपाळाचं बघू."

"काय म्हणाल्या?" तोफवाला ओरडला. त्याचा पाय वजनं लावून वर टांगलेला होता, आणि तोफेशेजारी उभं राहून राहून त्याचे कान निम्म्याच्या वर गेले होते. त्याला वाटे सगळं जग कुजबुजतं, म्हणून तो स्वतः ओरडे.

पडद्यावर कॅप्टन शेवटचं बोलू लागला. तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला.

"कल्ले चुकलेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. खिडकीजवळचा माणूस आला तेव्हापासून गप्प होता. 'हो', 'नाही', 'पाणी' एवढ्यावर त्याचा दिवस भागे. त्याला सगळे खिडकीवालाच म्हणत, कारण दुसरं काही कळायला तो तोंड उघडेल तर ना!

"काय चुकलं?" तारवाल्याने विचारलं.

"त्याचे कल्ले. आत्ता कानाच्या पाळीपर्यंत होते. आता बघा, बोटभर वर गेलेत. मरता मरता मधेच उठून कुणाकडून कापून घेतले याने?"

यावर वॉर्ड असा हसला की तोफवाल्याच्या पायाची वजनंसुद्धा डुलू लागली. इतक्या वेळा सिनेमा पाहून ही गोष्ट कुणाला दिसली नव्हती. ती फक्त एकाच धंद्यातल्या माणसाला दिसली असती.

"तू न्हावी आहेस!" आचारी म्हणाला.

"होतो," खिडकीवाला म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

पण तारवाला असा सोडणारा नव्हता. बातमी अर्धी ऐकून झोप येणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत त्याने एकेक शब्द ओढून काढला. खिडकीवाल्याच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं, एका खुर्चीचं. लढाईत तो ट्रक चालवायचा. तोफगोळ्याचा तुकडा उजव्या मनगटाच्या वर घुसला. डॉक्टरांनी आतल्या शिरा जोडल्या, आणि आता बोटं वळत होती, चिमूट मिटत होती. पण हातात काही धरलं की हात थरथरे.

न्हाव्याचा हात म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. वस्तरा गालावर दाबायचा नसतो, त्याला गालावरून नुसता जाऊ द्यायचा असतो. जाऊ देणं हे दाबण्यापेक्षा अवघड. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला जाऊ देता येत नाही.

"येत्या नाही, त्यापुढच्या शुक्रवारी नेमणुकीचे साहेब येणार आहेत," खिडकीवाला म्हणाला. लढाईवर परत जाऊ न शकणाऱ्यांना कुठलं काम द्यायचं, हे ते साहेब ठरवत. "मी टेलिफोनच्या शिक्षणाला जातो म्हणून सांगितलंय. लांबच्या शहरात. त्यात एका हाताने भागतं."

"टेलिफोन?" तारवाला उडालाच. "तू? दिवसाला चार शब्द बोलणारा? समोरचा 'हॅलो हॅलो' करून म्हातारा होईल!"

"आणि वडिलांचं दुकान?" आचाऱ्याने विचारलं.

"बाबांना आता नीट दिसत नाही. मी नाही गेलो तर दुकान बंद होईल. मला दुसरं काही नको होतं. तीच खुर्ची हवी होती."

त्या दिवसापासून वॉर्डाने दाढीचा संप पुकारला. ज्यांना स्वतःची दाढी करता येत नसे, त्यांच्यासाठी इस्पितळाचा एक न्हावी येई. त्याचा हात म्हणजे खुरपं. तो आला तेव्हा आचाऱ्याने हात जोडले. "दादा, रागावू नका. आता आमच्या घरातलाच न्हावी आहे." त्या भल्या माणसाला राग आला नाहीच, उलट त्याने आपला एक जुना वस्तरा आणि साबणाची वाटी खिडकीवाल्याच्या उशाशी ठेवली.

सिस्टर मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या वॉर्डात जंगल उगवलेलं चालणार नाही."

"फक्त साहेब येतात त्या शुक्रवारपर्यंत, सिस्टर," तारवाला म्हणाला.

"शुक्रवारी एकही खुंट दिसला तर मी स्वतः वस्तरा हातात घेईन. आणि मला येत नाही, हे लक्षात ठेवा."

खिडकीवाल्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो नाही नाही म्हणत होता. पण वाढत्या दाढ्यांची एवढी तोंडं रोज सकाळी आशेने आपल्याकडे बघू लागली, तर माणूस किती दिवस भिंतीकडे बघणार? शेवटी तो म्हणाला, "फुगे मिळतील का?"

नवशिक्या न्हाव्याच्या हाती आधी फुगा देतात. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. फुगा राहिला तर हात तयार. फुटला तर समजायचं, गिऱ्हाईक गेलं.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी बाजारातून फुग्यांचं पाकीट आणलं. "बारसं कुणाचं?" असं विचारत त्यांनी पहिला लाल फुगा स्वतःच फुगवून दिला. खिडकीवाल्याने फेस लावला. वॉर्ड श्वास रोखून बघू लागला. वस्तरा टेकला, बोटभर सरकला, हात थरथरला.

फाट्!

पुढच्या क्षणी वॉर्डात कुणीच दिसेना. ज्यांना हलता येत होतं ते खाटांखाली होते. ज्यांना हलता येत नव्हतं त्यांनी डोक्यावर उशी घेतली होती. खिडकीवाला स्वतः भिंतीशी अंग चोरून बसला होता. आणि मावशी एका हातात केरसुणी घेऊन मधोमध उभ्या होत्या.

एकटा तोफवाला आपल्या टांगलेल्या पायामागून इकडे तिकडे बघत होता. "अरे!" तो ओरडला. "कुठे गेले सगळे? जेवण आलं की काय?"

खाटांखाली माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. दार आपटलं, ताट पडलं, की आपली छाती कशी धडधडते हे प्रत्येकाने आजवर लपवलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, भित्रा मी एकटाच. आता सगळा वॉर्डच खाटेखाली होता, मग लपवायचं कुणापासून?

हसण्याची सुरुवात आचाऱ्याने केली. प्लास्टरमुळे त्याला खाली जाता आलं नव्हतं, म्हणून त्याने डोक्यावर सूपचा रिकामा वाडगा घातला होता.

सिस्टर धावत आल्या. "बाहेर या! सगळे! आणि कुणाचं प्लास्टर मोडलं असेल तर मी त्याला मोडीन!" मागोमाग हाडांचे डॉक्टरही आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आपलं हसू मिशीत दाबलं आणि म्हणाले, "फुगे चालू राहू देत."

"डॉक्टर!" सिस्टर म्हणाल्या.

"एक औषध आणि सगळ्या वॉर्डाला लागू. असं मला आजवर सापडलं नव्हतं. फक्त वस्तरा टेकायच्या आधी सगळ्यांना सांगत जा."

मग रोज दुपारी फुगे सुरू झाले. "सावधान!" असं तारवाला पुकारे आणि फाट्! दुसऱ्या दिवशी खाटेखाली निम्मेच गेले. तिसऱ्या दिवशी नुसते दचकले. पुढे पुढे तर फुगा फुटला तरी आचारी चहाचा घोट न सांडता म्हणे, "हिरवा गेला. बिचारा."

वॉर्डाची छाती स्थिर झाली. खिडकीवाल्याचा हात मात्र तसाच राहिला. एकही फुगा वाचत नव्हता.

अशात भेटीच्या वेळी त्याचे बाबा आले. दारातून आत येईपर्यंतच त्यांच्या गप्पा सुरू झाल्या होत्या. काठी टेकत, डोळे बारीक करत, ते प्रत्येक खाटेशी थांबत आले.

"वा, काय केस आहेत! कुणी कापले? खाटकाने?" हे तारवाल्याला. "आणि हे बघा, दोन भोवरे. दोन लग्नं ठरलेली."

"काका, आधी एक तर होऊ द्या!"

मुलाजवळ आल्यावर त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, बोटांनी चाचपला, जखमेच्या व्रणावरून अंगठा फिरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना दिसत होतं.

"चांगला शिवलाय," ते म्हणाले. "टेलिफोनचं कळलं मला. ते राहू दे बाजूला. काय करतोस ते दाखव."

खिडकीवाल्याने फेस लावला. बाबांनी स्टूल अगदी जवळ ओढलं, पण फुग्याकडे बघितलंच नाही. ते कान देऊन बसले. वस्तरा टेकला. फाट्!

"पिवळा गेला," आचारी म्हणाला.

"दुसरा घे," बाबा म्हणाले. दुसराही फुटला. तिसराही. बाबा चिडले नाहीत, हळहळलेही नाहीत. ते नुसते म्हणत राहिले, "दुसरा घे." जणू जगात फुग्यांना तोटा नाही आणि त्यांना कुठे जायचंही नाही.

मग ते म्हणाले, "थरथर हातात नाही."

"मग कुठे आहे, बाबा?"

"छातीत. वस्तरा टेकला की तू श्वास धरतोस. मला ऐकू येतं ना, श्वास बंद होतो ते. धरलेला श्वास कुठून तरी सुटणारच. तो तुझ्या मनगटातून सुटतो."

खिडकीवाल्याने वस्तरा मिटून मांडीवर ठेवला.

"लहानपणी कितीदा सांगितलं, गिऱ्हाइकाशी बोल रे, बोल. तुला वाटायचं, बाबांना चकाट्या पिटायला हव्यात. अरे, न्हाव्याला लोक बडबड्या म्हणतात. म्हणू देत. बोलणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं, आणि मी तुला शिकवलं असं समजत होतो. शिकवणाऱ्याने कारणही सांगायला हवं होतं."

"पण काय बोलू?"

"काहीही. घरचे कसे आहेत, मुलं काय करतात."

खिडकीवाल्याने समोरच्या निळ्या फुग्याकडे पाहिलं. "बाबा, याला मुलं कुठून असणार?"

वॉर्डात हशा उसळला. बाबाही हसले. "मग लग्न जमव त्याचं! पण बोल."

तो बोलू लागला. आधी अडखळत, मग बरा. बाबा दुकानाला कुलूप लावून आले होते, ते जवळच एक खोली घेऊन राहिले आणि रोज भेटीच्या वेळी येऊन स्टुलावर बसू लागले. खिडकीवाला फुग्यांना काका म्हणू लागला. एकदा डॉक्टर फेरीला आले तेव्हा तो एका नारिंगी फुग्याला विचारत होता, "काका, गुडघेदुखी कशी आहे?"

"सिस्टर," डॉक्टर हळूच म्हणाले, "याला आता कुठल्या वॉर्डात हलवायचं?"

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "बघा तर."

फेस पूर्ण उतरला होता. नारिंगी फुगा अखंड, चकचकीत, हवेत तरंगल्यासारखा त्याच्या डाव्या हातात होता. सगळा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला, आणि ज्याला एकच हात चालत होता तो मांडीवर थाप मारू लागला.

शुक्रवारी नेमणुकीचे साहेब आले. माणूस कामसू होता, वाईट नव्हता. डॉक्टरांचं बोलणं ऐकून घेऊन ते वॉर्डातच आले आणि खिडकीवाल्यासमोर उभे राहिले.

"टेलिफोनच्या शिक्षणाची गाडी सोमवारी निघते. तुझी जागा धरून ठेवलीय. आता म्हणे तुला घरी, दुकानात जायचंय?"

"हो साहेब."

"दुकान चालवता आलं नाही तर ही जागा पुन्हा मिळणार नाही, समजतंय ना? फुग्याची दाढी करून पोट भरत नाही. माणसाची करून दाखव. मग मी सही करतो."

खिडकीवाल्याने वॉर्डाकडे पाहिलं. दाढीचा संप करणारी सगळी शूर मंडळी समोर होती. प्रत्येकाच्या गालावर दहा-बारा दिवसांचं रान होतं.

"आचारी?" तो म्हणाला.

"माझी जरा अजून वाढू दे," आचारी म्हणाला. "आता कुठे आकार येतोय."

"तारवाला?"

"मी? अरे, मी बोलतो फार. मधेच तोंड हललं तर तुलाच त्रास. पहिला मान दुसऱ्या कुणाला तरी दे ना."

"वा रे वा!" सिस्टर म्हणाल्या. "रणगाड्यापुढे उभे राहिलात, आणि वस्तऱ्यापुढे पळताय?"

"सिस्टर, रणगाडा गळ्यावर ठेवत नाहीत," तारवाला म्हणाला.

खिडकीवाल्याचा चेहरा उतरला. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली. बाबा स्टुलावरून उठू लागले, पण डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांना बापाचा गाल चालला नसता.

"काय चाललंय?" तोफवाला ओरडला. "भांडताय कशाला? माझी दाढी कधीपासून खाजतेय. ये रे इकडे, तू! आणि पाणी गरम आण, गार पाण्याने मला शिंका येतात."

खिडकीवाला त्याच्या खाटेशी गेला. फेस केला, दोन्ही गालांवर लावला. वस्तरा उघडला. हात टांगलेल्या पायाच्या दोरीसारखा थरथरू लागला.

"बोल," बाबा मागून म्हणाले.

"काका..." तो म्हणाला.

"काय? मोठ्याने बोल! मला ऐकू येत नाही!"

आणि मग जो माणूस दिवसाला चार शब्द बोलायचा, तो सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल असा ओरडून बोलू लागला. "काका! आमच्या दुकानात एक गृहस्थ यायचे! पूर्ण टक्कल! एक केस नाही!"

"मग यायचे कशाला?"

"केस कापायला!" वस्तरा कानापासून खाली निघाला. "दर रविवारी! खुर्चीत बसायचे! बाबा त्यांच्या डोक्यावर नुसती कात्री वाजवायचे! कच कच कच! ते खूश!"

उजवा गाल झाला. गुळगुळीत. साहेब एक पाऊल पुढे आले. वस्तरा हनुवटीकडे वळला. "एकदा बाबा आजारी पडले! मी एकटाच होतो! ते गृहस्थ आले, बसले! मी खरं काय ते सांगितलं..."

हनुवटीखाली एक बारीक लाल ठिपका उमटला.

खिडकीवाला थांबला. वस्तरा हवेत राहिला. श्वास बंद झाला. बाबांना ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी काठी घट्ट धरली.

तोफवाल्याने एक डोळा उघडला. "अरे, पुढे काय झालं?"

"रक्त आलंय, काका."

"काय?"

"रक्त! थोडं कापलंय!"

"मग येऊ दे की! माझ्या अंगातून याच्याहून मोठं लोखंड काढलंय या डॉक्टरांनी! तू टकल्याचं सांग! काय म्हणालास तू त्याला?"

खिडकीवाल्याने एक लांब श्वास घेतला आणि सोडला. "मी म्हणालो, काका, तुमच्या डोक्यावर केसच नाहीत!"

"मग?"

"ते म्हणाले, म्हणूनच तर सांगतो, जपून काप!"

तोफवाला असा गडगडून हसला की सिस्टरांनी त्याचा टांगलेला पाय धरला. "हलू नका, काका, हलू नका!" खिडकीवालाही हसत होता, आणि हसता हसता, बोलता बोलता, डावा गाल, वरचा ओठ, गळ्याची शेवटची रेघ, सगळं उतरत गेलं. त्याने पुढची गोष्ट सुरू केली, मग त्यापुढची. वस्तरा कधी पुसला आणि कधी मिटला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

साहेबांनी वाकून तोफवाल्याच्या गालावरून उलटं बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. कुठे अडलं नाही.

"त्या गाडीतली जागा दुसऱ्या कुणाला देतो," ते म्हणाले आणि तिथेच, आचाऱ्याच्या जेवणाच्या फळीवर कागद ठेवून, त्यांनी सही केली. "घरी जा. आणि जायच्या आधी या वॉर्डाचं हे जंगल साफ कर."

मग जे झालं त्याला गर्दीच म्हणायला हवं. "मी आधी!" आचारी ओरडला. "माझी वाढायची तेवढी वाढली!" तारवाला एका हाताने आपली खुर्ची ओढत पुढे आला. "पहिला मान गेला, दुसरा तरी मला!" साहेबांनीसुद्धा आपल्या गालावरून हात फिरवला आणि घड्याळाकडे पाहिलं. "मिशीला हात लावायचा नाही, एवढं कबूल असेल तर..."

"रांग लावा!" सिस्टर म्हणाल्या. "हा माझा वॉर्ड आहे, बाजार नाही!"

रांग लागली. कुबड्या, प्लास्टर, झोळीतले हात, सगळे ओळीने. खिडकीवाला फेस करत होता, ओरडत होता, कारण तोफवाल्याला प्रत्येक गोष्ट ऐकायची होती. मावशी गरम पाणी आणून थकल्या.

बराच वेळ गेल्यावर त्याने मान वर केली, तर रांगेच्या अगदी शेवटी बाबा उभे होते. काठीवर दोन्ही हात ठेवून, गाल जरा पुढे करून. त्यांची दाढी आजवर त्यांनी स्वतःखेरीज कुणाला करू दिली नव्हती.

"बाबा, तुम्ही इकडे या ना पुढे," तो म्हणाला. "उभे कशाला राहता?"

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "दुकानाचा नियम मोडायचा नाही, आधी आला तो आधी. मी थांबतो. पण पुढची गोष्ट जरा मोठ्याने सांग, इथवर नीट ऐकू येत नाही."